छातीसमोरचा दांडा

सत्तर-ऐंशीच्या दशकातले आपले रस्ते ज्यांनी पाहिलेत, त्यांना जीपच्या मागच्या फळीवर रंगवलेली अक्षरं आठवत असतील : 'लेफ्ट हँड ड्राइव्ह'. मागून येणाऱ्यानं सांभाळून यावं म्हणून ती सूचना असे. आमच्या मामूंकडं अशी जीप होती आणि पुढं उजव्या बाजूला ते मला बसवत. समोर एसटी किंवा ट्रक आला की डावीकडं बसलेल्या मामूंना पलीकडचं काही दिसत नसे. मी मान बाहेर काढून "चला मामू" म्हणायचं, नाहीतर "थांबा". मी दहा-अकरा वर्षांचा होतो. मागं बसलेल्या पाच-सहा माणसांचा जीव माझ्या त्या एका शब्दावर असे, हे तेव्हा कुणाच्याच मनात येत नव्हतं.

चाक डावीकडं आलं ते अमेरिकेतून. १९४० साली तिथल्या सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीनं ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना बनवून २३ सप्टेंबरला हवाली केला. पण मोठं काम मिळालं विलीज आणि फोर्ड यांना. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात, म्हणून चाक डावीकडं. रणांगणावर डावं-उजवं कोण बघतो?

आपल्याकडं १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. आद्याक्षरं तेवढी तीच राहिली. मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं जाणारे. तरी यातल्या कित्येक जीपचं चाक पुढं अनेक वर्षं डावीकडंच राहिलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही अशा गाडीला इशारा देणारं यंत्र चालू स्थितीत हवं, असं वेगळं कलम आहे.

चाक उजवीकडं आणायचं म्हणजे नुसता दांडा उचलून पलीकडं लावणं नव्हे. दांड्याच्या खालच्या टोकाला स्टिअरिंगची पेटी असते, ती इंजिनाच्या बाजूला चौकटीवर बसवलेली. ती दुसऱ्या बाजूला न्यायची. तिच्यापासून चाकांपर्यंत जाणाऱ्या कांड्या नव्यानं जुळवायच्या. क्लच, ब्रेक, पायापाशी जे जे आहे ते सगळं हलवायचं. मामूंचे ओळखीचे मिस्त्री हे काम करत, पण एका गोष्टीला साफ नकार देत. दांडा लांब-आखूड झाला तर कापून वेल्डिंग करणार नाहीत. म्हणत, "मडगार्डचा टाका सुटला तर आवाज येतो. याचा सुटला तर चाक हातात येतं."

या जुन्या जीपचा दांडा म्हणजे चाकापासून पेटीपर्यंत एकच सरळ, ताठ नळी. गाडी समोरून आदळली की पेटी मागं ढकलली जाते आणि दांडा भाल्यासारखा चालवणाऱ्याच्या छातीवर येतो. हा दोष एकट्या जीपचा नव्हता. त्या काळच्या बहुतेक मोटारींचा होता. मर्सिडीजमध्ये बेला बारेनी यांनी त्यावर बरीच वर्षं डोकं चालवलं. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९६७ च्या मोटारींत दबणारा दांडा आणला. त्यातली जाळीदार नळी धक्का बसताच आकाशकंदिलासारखी चेपत जाई. १ जानेवारी १९६८ पासून तिथं नियमच झाला : ताशी ४८ किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळली तरी दांडा १२७ मिलिमीटरहून अधिक मागं येता कामा नये. पण हा नियम आधी फक्त प्रवासी मोटारींना होता. जीपच्या जातीच्या गाड्या त्यात पुष्कळ उशिरा आल्या.

आज जुन्या जीप हौसेनं पुन्हा उभ्या करणारे लोक दांडा मधे तोडून दोन क्रॉस-जॉइंट घालतात. मग पॉवर स्टिअरिंगची पेटी सोयीच्या जागी बसते, आणि वाकडा झालेला दांडा सरळ छातीवर येण्याऐवजी मधेच दुमडण्याची शक्यता वाढते. पण दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत, मधल्या दांड्यावरचे दोन्ही काटे एका ओळीत हवेत. नाहीतर हातात चाक एकसारखं फिरतं आणि खाली गती कमी-जास्त होत राहते. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीनं ठरवलेली गाडीची मूळ घडण बदलता येत नाही. हौशी मंडळींना हे रुचत नाही. मला मात्र मिस्त्रींचं वेल्डिंग आठवतं.

एका पावसाळ्यात मामूंची जीप घसरून बाभळीवर गेली. वेग फार नव्हता. दांड्यानं त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. मी त्या दिवशी शाळेत होतो. बरे झाल्यावर मामू मिस्त्रींकडं गेले, "आता चाक उजवीकडं घ्या" म्हणाले. मिस्त्रींनी चाकावर हात ठेवून विचारलं, "उजवीकडं घेतो मामू, पण छाती कुठं ठेवणार?"

जीप विकली तेव्हाही चाक डावीकडंच होतं.