आमची फियाट गेली तेव्हा

आमची गाडी कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण घरात शेवटपर्यंत ‘फियाट’च. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने 1964 मध्ये ‘1100 डिलाइट’ आणली, कुर्ल्याच्या कारखान्यातून. ‘पद्मिनी’ हे नाव सत्तरच्या दशकातलं. गिअर स्टिअरिंगला, पुढे सलग सीट. म्हणून माझी जागा आई-बाबांच्या मध्ये!

बुकिंग केल्यावर वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. इतकी वाट बघून मिळालेली गाडी कोण विकणार? 1983 मध्ये मारुती आली आणि रांग तिकडे वळली.

20 वर्षांच्या मर्यादेमुळे मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये थांबली. आमची त्याआधीच भंगारात गेली. टो करून नेताना बाबा खाली उतरलेच नाहीत. दुसरी चावी अजून दाराजवळच्या खिळ्याला आहे.