रात्र नसलेला देव

ईजिप्तमध्ये आबिदोस येथे पहिल्या सेती राजाने बांधविलेले एक देऊळ आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १२९० ते १२७९ ही या राजाची कारकीर्द. देवळातील एका भिंतीवर त्याने ईजिप्तच्या राजांची ७६ नावे ओळीने कोरविली आहेत. ती वाचीत गेले म्हणजे तिसऱ्या आमेनहोतेपच्या मागोमाग एकदम होरेमहेबचे नाव येते. मध्ये रिकामी जागा नाही, खाडाखोड नाही. वस्तुतः या दोघांच्या दरम्यान निदान चार राजे आणि तीसएक वर्षे होऊन गेली होती. हजेरीपटातून चार मुलांची नावे गाळावीत आणि पुढचे क्रमांक बिनबोभाट चालू ठेवावेत, तसा हा प्रकार. मास्तरकीची सवय जडलेल्या मला तरी हजेरीपटच आठवला.

गाळलेल्यांतला पहिला अखेनातेन. त्याच्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कुणी त्याला एकेश्वरवादाचा आद्य द्रष्टा म्हटले, तर फ्रॉइडने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मोझेसचा धर्मच त्याच्याशी नेऊन जोडला. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा या माणसाचा मोह का पडतो ते मला समजते. परंतु त्याच्या राज्यातल्या एखाद्या पाथरवटाच्या घरी, दिवेलागणीनंतर, या नव्या धर्माने काय झाले असेल, हा प्रश्न मला अधिक छळतो.

तत्पूर्वी त्या घरात देव किती होते पाहा. सर्वांत मोठा थीब्जचा अमून. अमून म्हणजे गुप्त, दडलेला. कारनाकच्या देवळात तो अंधाऱ्या गाभाऱ्यात असे. सामान्य माणसाला तेथवर प्रवेश नाही. पण नाईलला पूर आला की ओपेतचा उत्सव येई. होडीच्या आकाराच्या पालखीतून, पुजाऱ्यांच्या खांद्यांवरून, हा दडलेला देव लक्सरच्या देवळाकडे निघे. लोक दुतर्फा दाटीने उभे राहात. अशा वेळी देवाला कौलही लावीत. हा झाला बाहेरचा देव. घरातले निराळे. बेस नावाचा फेंगड्या पायांचा, जीभ बाहेर काढलेला बुटका देव बाळंतिणीची आणि निजलेल्या पोरांची राखण करी. गरोदर पाणघोड्याच्या रूपातली तावेरेत देवी सुटका सुखरूप करी. आणि माणूस मेला की त्याला हाती धरायला ओसायरिस होताच. थोडक्यात, रात्रीची कामे करणारे देव भरपूर होते.

इसवी सनापूर्वी १३५३च्या सुमारास चौथा आमेनहोतेप गादीवर आला. पाचव्या वर्षी त्याने नाव बदलून अखेनातेन केले. जुन्या नावात अमून होता, नव्यात आतेन आला. आतेन म्हणजे आकाशातले सूर्यबिंब. त्याला माणसाचे तोंड नाही, पशूचे मस्तक नाही, बायकोमुले नाहीत, त्याची कहाणीही नाही. नुसते बिंब, आणि त्यातून खाली येणारे किरण. प्रत्येक किरणाच्या टोकाला एक इवलासा हात. चित्रांत हे हात जीवनाचे चिन्ह धरून नाकाशी नेतात, पण कुणाच्या? राजाच्या आणि राणीच्या. बाकीच्यांनी कमरेत वाकून उभे राहावयाचे आणि राजाकरवी जे मिळेल ते घ्यावयाचे.

त्याच वर्षी त्याने थीब्ज सोडले आणि नाईलच्या काठी, आज ज्याला अमार्ना म्हणतात तेथे, कोऱ्या वाळवंटात अखेतातेन हे शहर वसवायला घेतले. त्याच्या सीमेवर कड्यांत कोरलेल्या शिळा अजून आहेत. तीत राजाने शपथ घेतली आहे की, मी आतेनसाठी शहर बांधीन ते येथेच. राणी जरी म्हणाली की दुसरीकडे याहून चांगली जागा आहे, तरी तिचे ऐकणार नाही. ही राणी म्हणजे नेफरतीती, जिचा रंगीत अर्धपुतळा १९१२ साली याच शहरातल्या थुतमोस नावाच्या मूर्तिकाराच्या कारखान्यात सापडला आणि आज बर्लिनमध्ये आहे. असला चेहरा समोर असताना ही शपथ घेणाऱ्याचा हट्टीपणा काय सांगावा!

नव्या देवळांना छप्पर नव्हते. देवच उन्हात, मग आडोसा कशाला? पटांगणात नैवेद्याचे शेकडो ओटे. दरबारातही हीच रीत असावी, कारण असुरियाच्या राजाने धाडलेले एक पत्र सापडले आहे. त्यात तो तक्रार करतो की, माझ्या वकिलांना उन्हात उभे करून का मारता? उन्हात उभे राहण्याने राजाचा लाभ होत असेल तर वकिलाने खुशाल तेथे उभे राहून मरावे! हे पत्र १८८७ साली अमार्नाच्या ढिगाऱ्यांत मिळालेल्या मातीच्या विटांपैकी एक. त्या विटांत मितानीच्या तुश्रत्ता राजाचीही पत्रे आहेत. याची मुलगी ईजिप्तच्या राजघराण्यात दिली होती. थोरल्या राजाने भरीव सोन्याच्या मूर्ती कबूल केल्या होत्या, तुम्ही सोन्याचा पत्रा मढविलेल्या लाकडी पाठविल्यात, असे तो अखेनातेनला सुनावतो. व्याह्यांचे रुसवे तेव्हाही होतेच. जाता जाता सांगतो: याच तुश्रत्ताच्या मुलाने हित्ती राजाशी केलेल्या तहात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही आपल्या ऋग्वेदातल्या देवांची नावे आहेत.

पण पाथरवटाच्या घराकडे वळू. आधी उत्सव बंद झाले. पुढे राजाची माणसे छिन्नी घेऊन देशभर फिरली आणि दिसेल तेथे अमूनचे नाव खरवडू लागली. राजाच्या बापाच्या नावात अमून होता; तेथेही छिन्नी चालली. काही ठिकाणी ‘देव’ या शब्दाचे अनेकवचनसुद्धा खोडले. आणि माझ्या अंगावर काटा आणणारी गोष्ट ही की, काजळाच्या नळ्यांसारख्या लहानसहान खाजगी वस्तूंवरूनही ते नाव ओरखडून काढलेले आढळते. ते काम राजाच्या पाथरवटाचे नसावे. घरातल्याच कुणी तरी, दार लोटून घेऊन, धास्तीने केलेले असावे. अखेतातेनमधल्या मोठ्या घरांच्या देवघरांत तर राजा, राणी आणि त्यांच्या मुली यांचे चित्र कोरलेल्या शिळा असत.

आतेनचे मोठे स्तोत्र आय नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात कोरलेले आहे. मोठे सुंदर आहे, यात वाद नाही. अंड्यातल्या पिलालाही श्वास देणारा देव त्यात आहे. मात्र तो मावळला की जग मेल्यासारखे पडते, सिंह बाहेर निघतात, साप डसतात. पुन्हा उजाडेपर्यंत करावयाचे काय, याविषयी कवी काही सांगत नाही.

लोकांनी आपले उत्तर काढले. या शहराच्या मजूरवाडीत उत्खनन झाले तेव्हा घराच्या भिंतीवर नाचणाऱ्या बेसची चित्रे मिळाली. बेस आणि तावेरेत यांचे ताईत मिळाले. राजाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच पवित्र नगरीत, पोरांच्या उशाशी तो बुटका जीभ काढून उभाच होता.

त्या पोरांची हकीकत मात्र बरी नाही. २००६ ते २०१३ या काळात तेथील सामान्य लोकांचे एक स्मशान खणले गेले. चटईत गुंडाळून पुरलेली माणसे. अपुऱ्या अन्नाच्या खुणा, वाढ खुंटलेली हाडे, ओझ्यांनी दबलेले मणके. देवळांचे दगड मुद्दाम लहान घडविले होते, जेणेकरून एकट्या माणसाने उचलावेत आणि काम झपाट्याने उरकावे. एकेक दगड सुमारे ७० किलोचा. नंतर उत्तरेकडचे दुसरे एक स्मशान उघडले, त्यात बहुतेक सांगाडे ७ ते २५ वर्षे वयाचे निघाले. पुष्कळसे पंधराच्या आतले, म्हणजे माझ्यापुढे बाकावर बसतात त्या वयाचे. कवीने ज्याची महती गाइली त्या उजेडाखाली ही मुले राबली.

रात्र राजालाही चुकली नाही. मेकेतातेन ही त्याची मुलगी वारली. राजाच्या थडग्याच्या भिंतीवर तो प्रसंग कोरलेला आहे: मुलगी पलंगावर निजविली आहे, राजाचा एक हात शोकाने कपाळाशी गेला आहे आणि दुसऱ्याने त्याने नेफरतीतीचा दंड घट्ट धरला आहे. ईजिप्तच्या राजाचे असे चित्र त्यापूर्वी कुणी काढले नसावे. ओसायरिसला त्याने आपल्या धर्मात जागा ठेवली नव्हती. तेव्हा मुलीला सोपवायचे कुणाच्या हाती?

सतरा वर्षे राज्य करून अखेनातेन गेला. पुढे तुतानखातेन नावाचे पोरगे गादीवर बसले आणि लौकरच तुतानखामेन झाले. त्याच्या नावाने उभारलेल्या शिळेत म्हटले आहे की, देवळांत रान माजले होते, प्रार्थना केली तरी देव येत नव्हते. १९२२ साली त्याचे थडगे सापडले, त्यातल्या सोन्याच्या सिंहासनाच्या पाठीवर मात्र इवल्या हातांचे ते बिंब तसेच आहे. होरेमहेबने पुढे कारनाकमधली आतेनची देवळे उतरविली आणि तेच लहान दगड आपल्या गोपुरांच्या पोटात भरावाला घातले. तेथे ते वाऱ्यापावसापासून सुरक्षित राहिले. आज हजारोंनी बाहेर काढून जुळविले जात आहेत, आणि अखेनातेनच्या आरंभीच्या वर्षांचे आपले पुष्कळसे ज्ञान त्यांतूनच आलेले आहे.

एक गोष्ट मागे राहिली. अखेनातेन आणि तुतानखामेन यांच्या मधल्या एका राज्यकर्त्याच्या तिसऱ्या वर्षी थीब्जच्या डोंगरात, पाइरी नावाच्या जुन्या पुजाऱ्याच्या थडग्यात, कुणी तरी शाईने अमूनची प्रार्थना लिहून ठेवली आहे. ती पावाह नावाच्या पुजाऱ्याची. देवा, तू मला अंधार दाखविलास, आता तुला पाहता येईल एवढा उजेड दे, असा तिचा आशय. काही जाणकार म्हणतात, पावाह खरोखरच आंधळा होता. म्हणूनच की काय, ती त्याच्या हातची नाही. त्याच्यासाठी त्याचा भाऊ बात्चाय याने ती लिहिली, आणि खाली आपलेही नाव घातले.