विद्युत् भट्टी, घरगुती कुंभशाळेतील

विद्युत् रोध असलेल्या तारेतून प्रवाह सोडून निर्माण होणाऱ्या उष्णतेने मातीची भांडी भाजण्याची लहान भट्टी. धूर व ज्वाला नसल्याने ती राहत्या वस्तीत चालविता येते. तिचा इतिहास हा मुख्यतः तापणाऱ्या तारेचा इतिहास असून भट्टी निवडतानाही या तारेचीच मर्यादा निर्णायक ठरते.

महाराष्ट्रातील कुंभार परंपरेने उघड्या आव्यात भांडी भाजत आले. भांड्यांच्या थरांत लाकूड, गोवऱ्या व भुसा रचून आवा पेटवितात. त्याची उष्णता लाल भांड्यांना पुरते; पण झिलई वितळून एकसारखी बसण्यास बंदिस्त भट्टी लागते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात झिलईदार भांड्यांचे काम सुरू केले. त्यात सिंधमधील कुंभारांची पद्धती व अजिंठ्याचे आकृतिबंध यांचा मेळ होता. हे काम इंधनाच्या भट्टीवर चाले.

घरगुती विद्युत् भट्टीस लागणारी वीज व तार विसाव्या शतकात उपलब्ध झाली. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईस वीज मिळू लागली. तत्पूर्वी १९०६ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना निकेल-क्रोमियम मिश्रधातूचे एकस्व मिळाले होते. ही नायक्रोम तार लाल तापूनही लवकर जळत नाही, मात्र सु. १,१५०° से. पलीकडील भाजणीस ती टिकत नाही. पुढे स्वीडनमध्ये लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांची कँथाल ही मिश्रधातू तयार झाली. तिच्यामुळे १,२५०°–१,३०० से. पर्यंतची भाजणी लहान भट्टीतही शक्य झाली.

भट्टी घेणारा बहुधा प्रथम कक्षाचा आकार पाहतो. खरा क्रम याच्या उलट आहे : आधी माती, मग तिचे तापमान, त्यानुसार तार व शेवटी आकार. स्थानिक लाल माती सामान्यतः ९००°–१,०५०° से. ला भाजते, तर अश्मपात्रांस १,२००° से. हून अधिक तापमान लागते. तपयुग्म हवेचे तापमान दाखविते. भांड्यावर उष्णतेचा प्रत्यक्ष परिणाम किती झाला, हे १८८६ मध्ये हेरमान झेगर यांनी प्रचारात आणलेले शंकू वाकून दाखवितात. म्हणून दोन्ही वापरणे इष्ट.

विद्युत् भट्टीत ऑक्सिडीभवनाचे वातावरण असते. सेलाडॉन किंवा ताम्ररक्त झिलईस क्षपण लागते. पण वारंवार क्षपण केल्यास कँथालवरील ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा संरक्षक थर झिजून तार निकामी होते. धुरापासून सुटका मिळते, तेव्हा ज्वालेने उमटणाऱ्या रंगछटाही गमवाव्या लागतात.

उल्हास नदीजवळील बेलवलीसारख्या (बदलापूर, जि. ठाणे) वस्तीत, जेथे इमारतींच्या दाटीत आवा लावणे शक्य नाही, तेथे हा प्रश्न व्यवहाराचा होतो. २३० व्होल्टच्या घरगुती जोडणीवर ३·५ किवॉ. ची भट्टी सु. १५ अँपिअर प्रवाह घेते; म्हणून तिला स्वतंत्र जाड तार, प्रवाहखंडक व भूयोजन हवे. ९ किवॉ. च्या भट्टीस त्रिकला जोडणी घेतल्यास प्रत्येक कलेवर सु. १३ अँपिअर भार येतो. जुलै २००५ व जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराचा फटका बदलापूर परिसरास बसला. तळमजल्यावर भट्टी ठेवल्यास तिची विटांची बैठक पुराच्या पातळीचा विचार करून उंच बांधावी. वरच्या मजल्यावर तिचे वजन पेलण्याची जमिनीची क्षमता तपासावी. पावसाळ्यात विटांत मुरलेला दमट ओलावा मंद आचेने काढावा. मातीतील सेंद्रिय द्रव्य व गंधक जळून कार्बन मोनॉक्साइड व गंधकाचे वायू निघतात. त्यामुळे धूर दिसत नसला, तरी खोलीत वायुवीजन आवश्यक असते.

आव्याची मर्यादा कुंभार तो रचताना स्वतः ओळखीत असे. विद्युत् भट्टीची मर्यादा तारेत दडलेली असते. ती आधी न विचारणाऱ्यास ती पहिल्या भाजणीनंतर कळते, आणि तोवर भट्टीची किंमत दिलेली असते.