मोबाइल टेदरिंग

मोबाइल टेदरिंग म्हणजे फोनला मिळणारी इंटरनेट जोडणी संगणक, टॅबलेट किंवा दुसऱ्या फोनला वापरू देणे होय. अशा वेळी फोन राउटरचे काम करतो. वाय-फाय, यूएसबी केबल आणि ब्लूटूथ हे टेदरिंगचे तीन प्रचलित मार्ग असून वाय-फायच्या मार्गाला सामान्यतः 'हॉटस्पॉट' म्हटले जाते.

इतिहास

आयफोनमध्ये केबल व ब्लूटूथद्वारे टेदरिंगची सोय २००९ मध्ये, तर वाय-फाय हॉटस्पॉटची सोय २०११ मध्ये आली. अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीत (२०१०) केबल व वाय-फाय हे दोन्ही मार्ग उपलब्ध झाले. अमेरिकेत काही सेवादाता कंपन्या या सोयीसाठी वेगळे शुल्क आकारत. टेदरिंगची अ‍ॅप अडवल्याबद्दलच्या सरकारी चौकशीत व्हेरायझन वायरलेसने २०१२ मध्ये १२.५ लाख डॉलर भरून तडजोड केली.

मार्गाची निवड

केवळ आकडे पाहिले तर यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट आणि पारंपरिक ब्लूटूथची जेमतेम ३ मेगाबिट आहे. मात्र प्रत्यक्ष वेग बहुधा मोबाइल नेटवर्कच ठरवते, त्यामुळे केबलचा खरा लाभ वेगापेक्षा स्थैर्याचा असतो. शेजारच्या वाय-फाय संकेतांचा तिला अडथळा होत नाही आणि फोनही चार्ज होत राहतो. ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत एकाच संगणकावरून द्यायची असल्यास केबल अधिक भरवशाची ठरते. वीज गेलेली असताना मात्र फोनचा हा भार लॅपटॉपच्या बॅटरीवर पडतो. शिवाय काही स्वस्त केबल केवळ चार्जिंगपुरत्या असतात. त्यांतून डेटा जात नाही.

जेथे घरातल्या एखाद्या खिडकीतच रेंज मिळते, तेथे केबल गैरसोयीची ठरते. फोन खिडकीत ठेवून आत बसून काम करणे हॉटस्पॉटमुळे शक्य होते, तसेच एकाच वेळी अनेक उपकरणे जोडता येतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींपलीकडे अधिक पोहोचतो, तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळच्या अंतरात अधिक वेगवान असतो. हॉटस्पॉट चालू असताना फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते आणि फार तापल्यास फोन आपला वेग स्वतःच कमी करतो.

ब्लूटूथला वीज कमी लागते. पण ते ईमेल किंवा मजकुरापुरतेच पुरेसे आहे.

डेटा व सुरक्षितता

मार्ग कोणताही असला तरी खर्च फोनच्या डेटातूनच होतो. भारतातील अनेक प्रीपेड योजनांत दिवसाला १.५ किंवा २ जीबी अशी मर्यादा असते. ती संपल्यावर वेग सेकंदाला ६४ किलोबिटपर्यंत घसरू शकतो आणि चालू वर्ग मध्येच तुटतो. जोडलेला लॅपटॉप वाय-फायला अमर्याद समजून पार्श्वभूमीवर मोठी अद्यतने उतरवू लागतो. विंडोजमध्ये ती जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदवल्यास यातील बरीचशी अद्यतने थांबतात.

हॉटस्पॉटला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ संरक्षण व अंदाज न येणारा पासवर्ड असावा. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची इंटरनेटवरील कृती फोनधारकाच्याच जोडणीतून झालेली दिसते.