मातीचा गड आणि पाटीवरचा 'अ'

वाचकहो, दिवाळी आली की आमच्या पाटणची पोरं अंगणात किल्ला करायला लागतात. दातेगड जवळच, तेव्हा बहुधा तोच मातीत उतरतो. आठ वर्षांचा दादा सांगतो, "हा दरवाजा, ही विहीर." त्याची दोन वर्षांची बहीण मात्र खुशाल त्या गडावर जाऊन बसते! तिला रागावू नका. तिच्या लेखी ती नुसती माती आहे. एक वस्तू दुसरीची खूण असू शकते, हे माणसाला शिकावे लागते.

अमेरिकेतील ज्यूडी डिलोश या विदुषींनी १९८७ साली हेच पडताळून पाहिले. खोलीची एक छोटी प्रतिकृती केली, तीत मुलांदेखत लहानसे खेळणे लपविले आणि सांगितले, "मोठ्या खोलीत मोठे खेळणे अशाच जागी आहे, शोध." तीन वर्षांच्या मुलांना ते बहुधा सापडले, अडीच वर्षांच्यांना क्वचितच. प्रतिकृतीतले खेळणे मात्र त्यांनाही काढून देता आले. म्हणजे उणीव स्मरणाची नव्हती. या दोन खोल्यांचे नाते उमगायचे होते.

पाटीवरचा 'अ' ही तर आवाजाची खूण. ती कशासारखी दिसतही नाही. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. मुलगी अडीच वर्षांची असताना मी तिचा हात धरून 'अ' गिरवून घेतला, चुकली तेव्हा चापट दिली. पुढे कितीतरी दिवस पाटी दिसली की ती आईच्या पदराआड लपे.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. महागडी साधने परवडेनात, म्हणून खडे, बिया, शिंपले, पाने हाती आली. १९७५ साली सरकारी बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचले.

गुरुजनहो, वाळूचा भात आणि करवंटीचे पातेले मांडून बसलेले मूल वेळ दवडीत नसते. 'हे म्हणजे ते' हा पहिला धडा ते गिरवीत असते. आपल्यालाही वाढले, तर दोन घास जेवून उठा. अक्षरे मागाहून येतीलच.