लीला राव : विम्बल्डनमधील पहिला विजय

मराठीत खेळाचा इतिहास बहुधा क्रिकेट आणि कुस्ती यांच्या आधारे सांगितला जातो. त्यामुळे १९३४ सालच्या एका विजयाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्या वर्षी विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत मुंबईच्या लीला राव यांनी ग्लॅडिस साउथवेल यांना ४-६, १०-८, ६-२ असे हरवले. विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामोफ यांच्याकडून त्या पराभूत झाल्या.

या यशाचे मूळ घरातच होते. आजोबा शंकर पांडुरंग पंडित वैदिक वाङ्मयाचे व्यासंगी संपादक. १८९४ मध्ये ते वारले, तेव्हा लेक क्षमा अगदी लहान होती. हीच क्षमा पुढे संस्कृत कवयित्री झाली आणि टेनिसपटूही. तिची ‘सत्याग्रहगीता’ १९३२ साली पॅरिसमध्ये छापली गेली. लीला ही तिचीच कन्या.

तो हौशी टेनिसचा काळ होता. विम्बल्डन व्यावसायिक खेळाडूंना खुले झाले ते १९६८ मध्ये. तोवर विजेत्यांनाही रोख बक्षीस नसे. अशा व्यवस्थेत नुसते कौशल्य पुरत नसे, मुलीला खेळू देणारे सुस्थित घरही लागे. लीलाबाईंचे कर्तृत्व त्यामुळे उणे ठरत नाही. मात्र असे घर न लाभलेल्या मुलींची इतिहासात नोंदच नाही. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झासह दुहेरी खेळल्या. त्या विजयाला तेव्हा ८२ वर्षे झाली होती.