चुलीपासून ओट्यापर्यंत

मंडळाच्या स्मरणिकेत ह्या वर्षी प्रत्येकीने काहीतरी लिहावयाचे असे ठरले, तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंत, मी काय लिहिणार? त्यावर आपल्या अध्यक्षीणबाई हसून म्हणाल्या, "ओट्यावर लिहा. दिवाळीपासून तुम्ही दुसरे बोलता आहात काय?" ते खरेच होते. म्हणून ओट्यावरच लिहिते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

माझे माहेर मुरबाड तालुक्यात, सासर शहापुरास. माहेरी ओटा नव्हताच. चूल जमिनीवर, तिच्यापुढे आई पाटावर बसलेली, एका अंगाला जाते, दुसऱ्या अंगाला पाटा-वरवंटा. पाटा म्हशाच्या जत्रेतून आणलेला. घरात दगड तेवढाच, आणि तो सगळा आपल्या सह्याद्रीचा काळा दगड. शाळेत गुरुजी सांगत की हा दगड ज्वालामुखीच्या रसापासून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याला बेसॉल्ट म्हणतात. त्याची टिकाऊपणाची साक्ष आपल्या जवळच आहे. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेले की वर लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षे होऊन गेली तरी बरीचशी अक्षरे शाबूत आहेत. लग्नाआधी आम्ही मुली एकदा तेथे गेलो होतो. बरोबरच्या मुली घाटावरचा दगडी रांजण पाहत होत्या, आणि माझ्या मनात आले ते एवढेच, की हे कोरणाऱ्याची टाकी आमच्याकडे पाट्याला टाकी लावायला येणाऱ्या बाईच्या टाकीसारखीच असेल का?

ती बाई भातकापणी झाली की येई. डोक्यावर पाटी, पाटीत हातोडी आणि दोन-तीन छिन्न्या. आजच्या मुलींना हे सांगावे लागते. पाटा वाटून वाटून गुळगुळीत झाला की मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही. तसेच जात्याचे. मग त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत करावयाचे. ती अंगणात बसून एकसारखे घाव घाली आणि पाट्यावर तांदळाएवढे खड्डे ओळीने उमटत जात. एकही घाव वाकडा नाही. काम झाले की आई पाटा धुऊन त्यावर मूठभर तांदूळ नि खडे मीठ वाटी व ते टाकून देई, म्हणजे दगडाची कच पोटात जात नसे. बाईला पायलीतले धान्य आणि वर भाकरी मिळे. पण ती अंगणातच बसे. ओसरीवर ये, असे तिला कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. उलट ती गेली की आजी परसातली भांडी मोजी.

हे लिहावयास बसले तेव्हा मुलाकडून थोडी माहिती काढवली. वडारांमध्ये गाडी वडार, माती वडार असे भेद आहेत, त्यांतले जाती वडार म्हणजे जाती घडविणारे. टकारी लोकांचे नावच टाकीवरून पडले म्हणतात. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कितीतरी फिरस्त्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा उठला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ही माणसे विमुक्त झाली. वडार आणि टकारी आज आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. आजी भांडी मोजत असे ती १९५२ नंतर पुष्कळ वर्षांनी. असो.

आता ओट्याकडे वळते. ओट्याचा काळा कडप्पा आपल्याकडचा नव्हे. तो आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचा, त्यावरूनच त्याचे नाव. जमिनीची शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची. इतक्या लांबचा दगड इकडे येऊ शकला तो आगगाडीमुळे. कल्याणहून वासिंदपर्यंत गाडी आली १८५५ साली, कसाऱ्याला पोहोचली १८६१ साली. बोरघाटातून पुण्याचा रस्ता १८६३ साली जोडला गेला, आणि १८७१ साली सोलापूरपलीकडे शहाबाद, वाडी करीत लोहमार्ग रायचुरास मिळाला. तिकडून मद्रासची गाडी कडप्प्यावरून येतच होती. पण दगड आला म्हणून लगेच ओटा आला नाही. बसून रांधणाऱ्या बाईला उभे केले ते स्टोव्हने, आणि त्याहून अधिक गॅसने. सिलिंडर जमिनीवर उभा ठेवावयाचा आणि शेगडी त्याच्याहून उंच असावयाची, असा गॅसचा नियमच आहे. मग ओट्यावाचून गत्यंतर काय? मुंबईत गॅस १९५५ च्या सुमारास आला. आपल्या पाड्यापाड्यांतून तो पोहोचला २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर.

आमच्याकडे ओटा झाला २००३ साली, माझ्या दुधाच्या पैशांतून. सासूबाईंचे गुडघे धरलेले. उभ्याने स्वयंपाक करणे त्यांना आधी पटत नव्हते. पण आठच दिवसांनी म्हणाल्या, "हे बरे झाले ग, उठताना भिंत धरावी लागत नाही." त्या जाईपर्यंत सकाळचा चहा त्यांनी त्याच ओट्यावर केला. म्हणून गेल्या दिवाळीत जे झाले ते मला फार लागले.

हळदीचे आणि तेलाचे डाग निघेनात म्हणून मी आधी लिंबू चोळले, आणि मग मोरीतले अॅसिड पाण्यात घालून ओट्यावर ओतले. सूं सूं आवाज करीत फेस आला. मला वाटले, मळ निघतो आहे. धुऊन पाहते तो काळ्या ओट्यावर पांढरे, खरबरीत चट्टे, जणू कोड फुटले. गवंडी बोलावला. तो म्हणाला, "काढून टाका, ग्रॅनाइट बसवा," आणि आकडा सांगितला. घरचेही तयार झाले. मी मात्र दोन दिवस जेवले नाही.

त्याच आठवड्यात आसनगावच्या बाजूस हमरस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेली एक म्हातारी दिसली. पाटे-वरवंटे, खलबत्ते मांडलेले. मी घरचा पाटा टाकीला नेला आणि बोलता बोलता ओट्याचे रडगाणे सांगितले. तिने विचारले, "दगड डोंगरातला का चुन्याचा?" मला काय ठाऊक! ती म्हणाली, "चुन्याचा दगड आंबटाला भितो. त्याला घाव नको, घासणी हवी."

मग मला शहाबाद-वाडीकडचे सिमेंटचे कारखाने आठवले. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुन्याचे दगड आहेत, समुद्राच्या तळाशी थर साचून झालेले. लिंबू, चिंच, कोकम, ताक, व्हिनेगर ह्यांतले काहीही त्यांवर राहिले की वरची कातडी खाऊन जाते. तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो. म्हणून साबणाने निघत नाही. आपल्या काळ्या पाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंचेची चटणी वाटली, त्याला काही झाले नाही. ग्रॅनाइटलाही आंबटाने सहसा काही होत नाही, पण तेल तोही पितो. आपला दगड कोणता हे कळण्यासाठी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर जागा फिकी पडली, तर तो चुन्याचा.

म्हातारीने सांगितले तसे केले. हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याचा पॉलिशपेपर आणला. आधी १२० नंबर, मग २२०, ४००, ६०० आणि शेवटी १०००. ओटा सतत ओला ठेवून गोल गोल घासावयाचे. कोरडे घासू नये, पूड छातीत जाते. नंबर बदलण्यापूर्वी आधीची पूड नीट धुवावी, नाहीतर एका खड्याने सारे ओरखडे पडतात. मला चार दुपारी लागल्या. पूर्ण वाळल्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवून फडक्याने कोरडा पुसला, रंग परत आला. जुन्या तेलाच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप लावून, वर प्लॅस्टिक झाकून, रात्रभर ठेवला. दोनदा केल्यावर डाग पुष्कळ फिकटला. सांध्यातून झुरळे येत, तेथे काळा रंग कालवून सिमेंट भरले. आता रोज साध्या साबणाचे पाणी आणि कोरडे फडके, एवढेच. लिंबू चिरावयाचे ते पाटीवर. आणि एक कळकळीने सांगते, अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

गवंडी मधे एकदा येऊन ओट्यावर हात फिरवून गेला, बोलला काही नाही. शेगडीमागे दोन बोटे पांढरे राहिले आहे, तेथे माझा हात पोहोचत नाही.

माघात मी डब्यात पुरणपोळ्या घेऊन आसनगावला गेले. पाल उठले होते. चुलीचे तीन दगड तेवढे होते, आणि त्यांच्याभोवती टाकीने उडालेल्या काळ्या कपच्या. तिला मी आजी म्हणत होते, नाव विचारलेच नव्हते.